डाग

बाबा रात्री पाच वेळा उठायचे.
मागच्या दाराची कडी, मग टिनाच्या न्हाणीत
थेंब, थांबणं, थेंब.
तीन वर्षं आम्ही ते वयावर ढकललं.

मग कंबर. ती त्यांनी लुनावर ढकलली:
एकतीस वर्षं, गावोगाव, मागे औषधांची पेटी,
ढोरांच्या दवाखान्यातले ड्रेसर, सूर्यभान धोटे.
आईने बिब्बा तापवून लावला.

सेवाग्रामला पडद्यावर त्यांची हाडं पाहिली मी.
खुब्यात, मणक्याच्या तीन पायऱ्यांवर,
डावीकडच्या फासळीत, काळे डाग.
सुपारीएवढ्या गाठीतून निघालेलं काहीतरी
रक्ताच्या पांदणीने
मुक्काम करत करत गेलं होतं.
डॉक्टरीणबाई पेनाने दाखवत होत्या,
बाबा चष्मा शोधत होते.
"डाग तं मी देत होतो," म्हणाले, "लंगड्या बैलाले."

पुरुषाच्या रसावर वाढतं ते.
रस तोडायचा. दर तीन महिन्यांनी सुई,
नाहीतर एकदाच छोटं ऑपरेशन.
बाईंनी मला बाहेर बोलावलं. तुम्हीच समजवा त्यांना.

आर्वीच्या गाडीला चाळीस मिनिटं होती.
मी शाळेत विज्ञान शिकवते,
आणि तो एक धडा दरवर्षी
पोरांना घरी वाचायला सांगते.
"बाबा, ते काय म्हणतात..."
त्यांनी फुटाण्याची पुडी माझ्याकडे सरकवली.
"बडवाचं म्हनते ना?"

किती गोऱ्हे बडवले असतील त्यांनी.
पाय बांधलेले, चौघं दाबून,
चिमट्याचा एक कट्ट,
आणि पेरणीला तोच गोऱ्हा जुवाखाली, मुकाट.
मालक खुशीने पायलीभर तूर द्यायचे.

"मले कोनी धराची गरज नाई."
मग बराच वेळ काहीच नाही.
गाडी लागली.

आता पहाटे त्यांच्या अंगातून आग उठते.
आई अंधारात पुठ्ठ्याने वारा घालते.
तिलाही व्हायचं असं, पंचेचाळिशीत.
तेव्हा ते कूस बदलायचे.
"तुले असंच होत होतं का, गोकुळा?"
ती बोलत नाही,
पुठ्ठा दुसऱ्या हातात घेते.

थंडीत रक्तातला आकडा उतरला.
जूनमध्ये पुन्हा चढला, दुप्पट.
बाबांनी रिपोर्टाची चौकोनी घडी केली,
लुनाच्या कागदांत ठेवली.
"बडवलेला बी एखांदा उधळते," म्हणाले,
आणि चप्पल शोधू लागले.
उजवी सापडली.
डावी सापडेना,
पायातच होती.