शेल न वाचणारी ओळ

पुंता आरेनासला वारा खिडकीची काच हलवत राहतो.
एदुविहिस, वय एकोणसाठ,
काळ्या पडद्यापुढे चष्मा पुसत बसलेली.
भरती-ओहोटीच्या चार हजार फायली,
एकेकीचं नाव हातानं बदलायचं
तर निवृत्ती उलटून जाईल.

"फॉर लिही," नाउएल म्हणतो, तोंडात पाव.
"मग डू. मग काय करायचं ते. शेवटी डन."
ती एका बोटानं टंकते.
कर्सर लुकलुकतो. काहीच घडत नाही.
"चुकलं?"
"झालं की! सगळं नीट असलं
की शेल गप्प बसतो."
असाच एक माणूस या कचेरीत होता,
ती सांगत नाही.

पण काही फायली अडल्या.
'एवारिस्तो ओयार्सुन', एकतीस हिवाळ्यांच्या नोंदी.
नावात मोकळी जागा; शेलनं तिथंच तोडलं.
एवारिस्तो: अशी फाइल नाही.
ओयार्सुन: अशी फाइल नाही.
ती दोन्ही ओळी पुन्हा वाचते.

"अवतरणचिन्हांत घाल," नाउएल चहा ओततो,
"म्हणजे अख्खा राहतो."
अलीकडे एक, पलीकडे एक.
एंटर.
शेल गप्प.

नाउएल जाकीट चढवून निघून गेल्यावर
ती स्क्रिप्ट पुन्हा उघडते,
सगळ्यात वर हॅश टाकते, आणि त्यापुढे:
या नोंदी त्यानं गळक्या होडीतून घेतल्या,
शाई गोठली की पेन काखेत धरून.

हॅशपुढचं शेल वाचत नाही,
हे तिला आज सकाळीच कळलंय.