पहिल्या मण्यासाठी लागणारं सामान

सतरा वस्तू लिहून नेल्या होत्या मी
बस डेपोच्या जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर.
ब्लाझेनाने चष्मा कपाळावर सरकवला,
पेन्सिलीने अकरा खोडल्या
आणि एक वाढवली:
वाळूची बादली.

"ग्राफाइटचा ठोकळा पुढच्या वर्षी.
पाकळ्यांचा चिमटा कशाला?
आधी तुला साधा गोल येऊ दे."

झेलेझ्नी ब्रोद, यिझेरा नदीचा काठ,
तिच्या घराची कपडे धुण्याची खोली.
भर जानेवारीत खिडकी अर्धी उघडी.
पाय बधिर, गाल भाजलेले.
"खिडकी हे पहिलं हत्यार," ती म्हणाली,
"फुकट मिळतं, म्हणून कुणी यादीत लिहीत नाही."

मग टेबलावर पत्रा.
केस बांधलेले, बाह्या सुती,
माझा नायलॉनचा स्वेटर दाराबाहेर, कुत्र्याशेजारी.
दिवा पितळी, तिच्या सासऱ्याचा, तोंड नवं बसवलेलं.
आधी गॅस, मग प्राणवायू.
विझवताना उलट.
"गॅस घरचा यजमान.
तो पहिला येतो, सगळे गेल्यावर जातो."
हे तिने मला चार वेळा म्हणायला लावलं,
काडी नंतर दिली.

काच ज्योतीत शिरली
आणि पिवळा भडका उडाला.
त्यात ना कांडी दिसेना, ना बोटं.
तिने मागून माझ्या नाकावर गुलाबी भिंगं चढवली.
पिवळं गळून पडलं.
राहिली एक जांभळट, मुकी आग
आणि तिच्या मधोमध काच,
गुळाच्या पाकासारखी मान टाकत चाललेली.
बत्तीस वर्षं धुक्यातून बस हाकली मी,
असा चष्मा कुणी दिला नाही.

पोलादी सळई, विणायच्या सुईएवढी.
ती पातळ चिखलात बुडवायची,
उभी करायची, वाळू द्यायची.
"चिखल कशाला?"
"मणी म्हणजे काय ग, रादाना?
भोकाभोवतीची काच.
आधी भोकाची सोय बघ."

माझे हात स्टिअरिंगवर पोसलेले.
वळण संपलं की चाक सरळ, ही त्यांची शिस्त.
इथे सरळ काही नाही.
सळई फिरव, फिरवत राहा,
शिंक आली तरी फिरव.
थांबलीस की काच खाली बघते.

आणि मी घाई केली.
चिखल वरून सुका, आतून ओला,
मला वाटलं, चालेल.
मणी मात्र जमला, हिरवा, जवळजवळ गोल!
पण निवल्यावर सळई सोडेना.
पाण्यात ठेवला, पकडीने ओढला,
ड्रायव्हरांच्या भाषेत समजावला.
ब्लाझेनाने तो सळईसकट घेतला
आणि फळीवरच्या मुरंब्याच्या बरणीत उभा केला.
तिथे दाटी होती.
ओताकारचा लाल. दातांच्या डॉक्टरचा, दोन जुळे.
मागे एक गंजलेली सळई, निळा थेंब, वाकडा.
"हा कुणाचा?"
"नऊ वर्षांच्या मुलीचा.
आई म्हणत होती, वाळू दे, वाळू दे."
मग उठून तिने चहाचं पाणी ठेवलं.

दुसरा मणी संध्याकाळी.
या वेळी चिखल इतका वाळवला
की तीच कंटाळली.
लाली उतरेपर्यंत ज्योतीच्या कडेला फिरवला,
मग गरम राखेच्या डब्यात खुपसला, वर झाकण.
"उघडून बघायचं नाही.
घाईने निवलेली काच रात्री टच्च म्हणते
आणि सकाळी दोन असतात."
"कधी बघू?"
"उद्या दुपारी. आणि कानशी आण,
भोकातला चिखल काढायला.
ती मी खोडली नव्हती."

पहाटे पाच दहाची पहिली गाडी,
सहा प्रवासी, त्यातले चार झोपलेले.
डबा अजून कोमट असेल का?
तुर्नोवच्या अलीकडचं मोठं वळण आलं, गेलं.
चाक आपलं आपण सरळ झालं.
डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं
फिरतच राहिली.