दोन घड्याळं

आमच्या चर्चवर दोन घड्याळं आहेत.
एक खरी वेळ दाखवतं, दुसरं खोटी,
सैतानाला मिस्साची वेळ कळू नये म्हणून.
बेटावर हे सगळ्यांना ठाऊक आहे,
एक सैतान सोडून.

सिनेमा त्यावरच होता म्हणे.
सैतान बोटीतून उतरतो, खोटं घड्याळ बघतो
आणि तरी बरोब्बर वेळेवर पोचतो,
कारण गावच उशिरा निघालेलं असतं.
पुढे त्याला देवळाच्या वर्गणी-कमिटीवर घेतात.

'म्हणे' अशासाठी, की मी तो पाहिला नाही.
आमचा हॉल पूर्वी मासळीचं गोदाम होता.
दार नेमकं पडद्याखाली.
तिकिटं फाडून झाली की मी तिथेच स्टुलावर,
फुकटे आत घुसू नयेत म्हणून,
पाठ सिनेमाकडे, तोंड लोकांकडे.
मी दोनशे दहा चेहरे पाहिले.

आधी सान रोक्कूच्या बँडवाले हसले :
पडद्यावरचा खजिनदार हुबेहूब
सान जुझेप्पच्या खजिनदारासारखा चालत होता.
मग जुझेप्पवाले हसले :
त्यांना तो रोक्कूवाल्यांचा वाटला.
दोन्ही खजिनदार एकाच रांगेत,
मांडीला मांडी लावून, खो-खो.

पाद्री दुन सालव खांबाआड बसला होता,
स्वेटर गळ्यापर्यंत ओढून.
चेहरा दिसत नव्हता.
खांबाच्या दोन्ही बाजूंनी खांदे तेवढे
गदगदा हलताना दिसत होते.

बाहेर रस्त्यावर विस्तिन आणि सहा बायका
जपमाळ घेऊन उभ्या.
आत हशा पिकला की बाहेर
'नमो मरिये'चा आवाज चढायचा,
तो चढला की आतले आणखी हसायचे.
मधे मी,
आणि अर्धवट फाडलेलं एक तिकीट,
विस्तिनच्या पोराचं.
घाईत बापासमोरूनच आत शिरला होता.

मग सगळे चेहरे निळे झाले.
समुद्र असावा.
खुर्च्या करकरायच्या थांबल्या.
नंतर कोणीतरी सांगितलं :
एक विधवा संताशी घासाघीस करते,
चाळीस मेणबत्त्या लावल्या, आता माझा माणूस दे,
निदान त्याचे बूट तरी.
संत गप्प.
सैतानालाच राहवत नाही,
तो खिसे चाचपत काडेपेटी शोधतो.

हॉलमध्ये चिटपाखरू नाही.
आणि करमेना हसली.

आधी उचकीसारखं, मग मोठ्यानं,
पदर नाही, रुमाल नाही, तोंड उघडं टाकून.
तिच्या तोनिनची होडी जाऊन
त्या मार्चला अकरा वर्षं झाली होती.
लोक सिनेमा सोडून तिच्याकडे बघू लागले.
मग कोणी बुटांकडे, कोणी छताकडे.
जणू वाण्याच्या दुकानात कुणाची उधारी
कुणीतरी खड्या आवाजात वाचली होती.

सुटल्यावर विस्तिननं तिला दारातच गाठलं.
"हसण्यासारखं काय होतं गं त्यात?"
करमेनानं डोळे पुसले.
"मेणबत्तीचा भाव," ती म्हणाली.
"अजून जुनाच लावलाय त्यांनी."
विस्तिन काही बोलणार होता.
मग त्याला मुलगा दिसला आणि
तो जपमाळेतला मणी कुठला चालू होता तेच विसरला.

झाडताना खांबामागच्या खुर्चीखाली
पांढरी कॉलर सापडली,
घामानं किंचित मऊ.
मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून
चर्चच्या मागच्या खिडकीत ठेवली.

रविवारी प्रवचन टवाळीच्या पापावर होतं.
चांगलं चाललं होतं,
पण 'खजिनदार' हा शब्द आला आणि
दुन सालवला खोकला लागला.
बराच वेळ लागला.
हळूहळू अख्ख्या चर्चला खोकला लागला,
थंडीचे दिवस नसताना.

करमेना तेवढी खोकली नाही.
तिनं मेणबत्ती लावली, पेटीत नोट टाकली
आणि उरलेले पैसे स्वतःच मोजून घेतले.