खाच

विजयनगरच्या पाचव्या मजल्यावर
मी फळ्यावर बाजार काढला होता.
दोन रेघा, चार खोल्या.
एकीत विद्यार्थी, एकीत गृहिणी,
तिसरीत इंदूर सोडून गेलेले.
चौथी रिकामी.
चौथी नेहमीच रिकामी राहते,
तिला आम्ही संधी म्हणतो.

माल एवढाच: जीरावन,
पाच ग्रॅमची पुडी, दोन रुपयांना.
जिथे पोहे तिथे जीरावन,
इतकं सरळ होतं माझं गणित
आणि खंडेलवालजींना सरळ गोष्टी आवडतात.

एक टिंब तेवढं ऐकत नव्हतं.
बाकीची दुकानं रेघेला धरून गुमान बसलेली,
छप्पनची, सराफ्याची, कॉलेजच्या फाटकावरची.
हे एकच वर, एका कडेला,
रोज तीन माळा खपवणारं.
आणि आसपास पोह्यांची एक गाडी नाही.
मुक्तेश म्हणाला, उडव, नोंद चुकली असेल.
मी उडवणारच होते,
तेवढ्यात पत्ता वाचला.

सरकारी दवाखान्यासमोर, औषधांच्या रांगेत
नेमीचंद पोरवाल यांचं दुकान:
थर्मास, नारळ, प्लास्टिकचे मग, बेडपॅन,
खिळ्याला लोंबणाऱ्या आमच्या माळा.
मी कोण ते सांगितलं नाही. पुडी मागितली.
त्यांनी कात्री उचलली आणि विचारलं,
"वॉर्ड कौनसा, बेटा?"

हाडवाल्यांना देतो, म्हणाले.
तापवाल्यांना अर्धीच, घडी घालून.
बाळंतिणीच्या सासूला आधी विचारतो.
किडनीला नाही. पाया पडले तरी नाही.

सहा वर्षं मी गिऱ्हाईक कापत आले,
वयानं, पगारानं, पिनकोडनं.
वॉर्ड विचारायचं सुचलं नव्हतं.

हाडांच्या वॉर्डात गेले. कोणी अडवलं नाही.
केसपेपरवर नाव गेंदालाल, गाव मानपूर,
दिवस अकरावा.
मांडीवर स्टीलची ताटली, त्यात पिवळं, पातळ,
खिचडी म्हणायचं म्हणून खिचडी.
उजव्या हाताला सलाईन.
डाव्या हातात पुडी धरून तो दातांनी ओढत होता.
निघेना. निघेना.
मग एकदम फाटली, सगळं चादरीवर.
त्यानं बोट ओलं केलं,
चादरीवरून कण कण टिपून घेतला.
कुणाला काही बोलला नाही.
आमच्या तक्रारींच्या तक्त्यात हे कधी येणार नव्हतं.

आपली स्पर्धा कोणाशी,
या पानावर मी दर तिमाहीला तीन नावं लिहिते.
तीनही मसालेवाले.

सोमवारी मीटिंग.
मला ठाऊक होतं खंडेलवालजी काय विचारतील:
शहरात दवाखाने किती?
मोजूनही ठेवले होते मी, सवयीनं.
पुढचं नरसाळं आपोआप उभं राहिलं असतं,
वर भरती झालेले, खाली चव गेलेले,
आणि प्रत्येक जिन्यावर आमचं लाल पोस्टर,
जल्दी ठीक हो जाइए.

मी म्हणाले, ते टिंब चुकीचं होतं.

आकड्यांशी बोललेलं माझं पहिलं खोटं.
मुक्तेशनं माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे.

एकच बदल मागितला मी.
पुडीच्या कडेची खाच दीड मिलीमीटर खोल,
एका हातानं उघडेल अशी.
खर्च हजार पुड्यांमागे तीन रुपये.
का, विचारलं त्यांनी.
दुसऱ्या हातात पोह्यांची प्लेट असते, म्हणाले.
सगळ्यांना पटलं.

नवीन माळा लागल्या तेव्हा पुन्हा गेले.
नेमीचंदजींनी खाचेवरून अंगठा फिरवला,
तसाच पुन्हा एकदा फिरवला,
आणि कात्री उचलली. "वॉर्ड?"

या वेळी खरं सांगितलं,
मी ही बनवणाऱ्यांपैकी आहे.

हात थांबला नाही त्यांचा.
"तो फिर एक बिना नमक की निकालो, बेटा.
किडनीवाले रोज़ खाली हाथ जाते हैं."
पुडी पुढे केली.
दोन रुपये घेतलेच.