दोनशे चोवीस सहाशे

पहाटेचे चार वाजायला आलेले. मशीद बंदरच्या गोदामात
खुर्ची एकच, आणि ती शेठची, तिला हात लावायचा नाही.
म्हणून ते दोघं काट्यावरच्या गाठीवरच बसले,
फोदे कामारा, कोनाक्रीचा,
आणि कोरोतुमू बाई, बामाकोच्या.
समोर सुतळीच्या रिळाला टेकवलेला मोबाइल.
माझ्याकडे त्याची पाठ.

गाठीत मुलांच्या जर्सी. कुर्ल्याच्या छापखान्यात
कुणीतरी फ्रेम उलटी लावली.
बाईंनी सांगितलं होतं हिरवा, पिवळा, लाल.
छापून आलं लाल, पिवळा, हिरवा.
रंग तेच, पण दुसऱ्या टोकाने वाचले
की देश बदलतो.
सातशे नग. मागितला होता माली, हातात आला गिनी.

तीन आठवडे माल कोपऱ्यात पडून.
बाई रोज विचारायच्या, उंदीर आहेत का?
मी रोज सांगायचो, नाहीत.
(आहेत.)
शेवटी फोदे म्हणाला, चहा फुंकत, आपल्या हिंदीत:
आम्ही जिंकलो तर उचलतो.
हरलो, तर हरलेल्याचा सदरा
कोण घालेल पोराच्या अंगात?

म्हणजे आज बाईंचे पैसे
गिनीच्या पायात.

मला फुटबॉल कळत नाही.
एकवीस वर्षं काट्यामागे उभा आहे, मला आकडे कळतात.
माणूस खोटं बोलतो तेव्हा गोणीवर हलकेच पाय टेकतो,
तेही कळतं.
लाल आकडे जळत होते: दोनशे चोवीस सहाशे.
गाठ चौऱ्याहत्तर सहाशे,
उरलेले ते दोघं.

नव्वद मिनिटं झाली, मग आणखी तीस.
आकडा शेवटी शेवटी थरथरायला लागला,
शंभर ग्रॅम इकडे, शंभर तिकडे,
श्वासालाही वजन असतं बहुतेक.
मग पेनल्टी.

एकशे त्रेचाळीस सहाशे: फोदे उठला. गिनीचा गोल.
एकशे पंचावन्न सहाशे: बाई उठल्या. मालीचा.
पुन्हा फोदे. पुन्हा बाई.
असं मी दोन देशांचं भांडण
पडदा न बघता बघत होतो,
आणि मनात हिशेब, की बाई,
तुम्ही कशाला उठताय? बसा.
तुमचा फायदा बसण्यात आहे.

एकदा कुणीच उठलं नाही.
आकडा दगडासारखा.
कुणाचा चुकला ते मी विचारलं नाही,
फोदेचा हात गाठीच्या शिवणीवर गेला होता,
दाभणाने टोचल्यासारखा.

शेवटची.
बाहेर हातगाडी उभी करून पांडू पेंगत होता,
त्याला सहाच्या आत माल सहारला पोचवायचा.
आणि आकडा पडला:
एकशे पंचावन्न सहाशे.
बाई इतक्या उंच उडाल्या
की उतरताना काट्याने एरर दाखवली.
मग त्यांना आठवलं बहुधा.
हळूच खाली बसल्या, पुन्हा दोनशे चोवीस,
आणि ओढणीच्या टोकाने
फोनवरची धूळ पुसत राहिल्या.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मोबाइलमध्ये बामाको ओरडत होता,
बाईंनी आवाज कमी केला.

मग फोदे उठला. बाईही उठल्या.
काट्यावर नुसती गाठ उरली,
उलट्या रंगांची, हरलेली,
तीन आठवड्यांच्या धुळीची.
फोदेने आकड्याकडे पाहिलं. इथे येऊन तो
मराठी दोनच शब्द शिकलाय. पहिला म्हणाला:
"किती?"
चौऱ्याहत्तर सहाशे, मी म्हटलं.
मग बाईंकडे वळून दुसरा:
"कमी."

बाईंनी कंबरेवर हात ठेवला.
नाही, म्हणाल्या. नाही, नाही, नाही.
आणि त्यांच्या भाषेत, की त्याच्या, की दोघांच्या,
ते भांडायला लागले, नगाचा भाव,
फ्रेमची चूक, अर्धे आता, अर्धे पुढल्या खेपेला.

मी मार्कर उघडला,
गाठीवर बामाको लिहिलेलं खोडलं,
आणि क आधी लिहून टाकला.
बाकीची अक्षरं
भाव ठरल्यावर.