फुंकर

टॉडमॉर्डनच्या चढावर, शेवटून दुसऱ्या घरात,
म्युरिएल ग्रीनहालबाईंनी ते मला दिलं
जुन्या पलंगपोसात गुंडाळून.
वर नवऱ्याच्या अक्षरातली चिठ्ठी, चिकटपट्टी पिवळी पडलेली:
हवा सुरू केल्याशिवाय थाळी फिरवू नये.
पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, चालू झालं की बोलवा.

नऊ किलोची थाळी. तिला आधार कशाचा,
तर फुंकरीचा.
पंप खालून हवा सोडतो, थाळी उचलली जाते
केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकी,
आणि दोन धातूंमध्ये अंतरपाट धरला जातो,
जो कोणत्याच मुहूर्तावर दूर करायचा नसतो.

मला वाटलं, शनिवार-रविवारचं काम.
नोव्हेंबर गेला.

नळ्या कडक होऊन तडकल्या होत्या, बदलल्या.
छिद्रं बुजली होती. सतारीची सगळ्यात बारीक तार तोडून
एकेक मोकळं केलं, तान्ह्या पोरीचे कान टोचावेत
तितक्या जपून.
मग पातळी. स्लेटच्या लादीवर हिरवा बुडबुडा
मधोमध येईचना, रोज कालव्याच्या बाजूला पळायचा.
अकराव्या दिवशी कळलं, घरच दरीकडे कललेलं आहे
शंभर वर्षांपासून.
बसचं तिकीट दुमडून पायाखाली सरकवलं.
वडील इचलकरंजीत मागाखाली असाच
विडीच्या पुडक्याचा कागद सरकवायचे,
आणि डोळे मिटून ऐकायचे.
विल्फ ग्रीनहालही जॉबरच होता, खालच्या गिरणीत.
दोघं भेटले असते तर
बोलले नसते फारसं.

इतर यंत्रांचा दांडा कमानीत झुलतो.
हा रुळावरून सरळ सरकतो, तोही हवेवरच,
ओल्या भिंतीवरच्या गोगलगायीसारखा.
सुईचा भार दीड ग्रॅम; मी बारा गुंजा म्हणतो,
आजोबा सोनार होते.

राहिला पंप. नुसती घरघर.
त्याला तळघरात हाकललं, बारा मीटर नळी ओढली,
मध्ये आग विझवायचं रिकामं नळकांडं जोडलं
हवेचे हिसके गिळायला,
आणि लोणच्याची बरणी, कारण इथल्या हवेत
निम्मं पाणीच असतं.
पट्टा काढून थाळी बोटानं ढकलली.
अकरा मिनिटं फिरली. आवाज शून्य.
मी एकटाच स्वयंपाकघरात जाऊन हसलो.

बाई आल्या. कोट तसाच, हातमोजे तसेच.
गिरणीच्या बँडची रेकॉर्ड आणली होती,
दोनशेच प्रती निघालेली, विल्फ मागच्या रांगेत, युफोनियमवर.
सुई टेकली. माणसं श्वास घेताना ऐकू येत होती,
खुर्ची करकरली तीसुद्धा.
पहिली बाजू संपली. मी कौतुकाची वाट पाहत उभा.

छान आहे, म्हणाल्या. पण तो घरात नाहीये.

मग थांबत थांबत सांगितलं.
संगीत त्यांच्या वाट्याला कधी आलंच नाही, दार बंद असायचं.
त्यांना ऐकू यायचा तो पंप,
जिन्याखालच्या कपाटात, चाळीस वर्षं.
घरघर आहे म्हणजे तो आत आहे, हाक मारायची नाही.
घरघर थांबली की बटाटे उतरवायचे.

मी नळकांडं आठवलं, बरणी, बारा मीटर नळी.
काही बोललो नाही.
तळघराचं दार उघडलं आणि विटेनं अडवलं.

ती वर आली, एकेक पायरी चढत,
दमेकरी म्हाताऱ्यासारखी.
दुसरी बाजू आम्ही तशीच ऐकली, तिच्यावरून, तिच्यातून.
बाईंनी एक हातमोजा काढला.

शेवटी मी सुई उचलली, मोटर बंद केली,
हवेचं बटण सगळ्यात शेवटी असतं,
हात तिकडे गेला.
राहू दे जरा, म्हणाल्या,
आज कुठे बटाटे लावलेत.