हातचा

ॲल्विन वर झोपलाय.
त्याच्या छातीतली शिट्टी जिना उतरून इथवर येते,
आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर
गॅसच्या बिलाच्या पाठीवर
आमचं म्हातारपण मांडायला बसले आहे.

पहिला कागद सरकारचा.
पस्तीस वर्षं भरली तर पेन्शन पुरी.
माझी एकतीस.
बेकरीतली सात, शाळेच्या कॅन्टीनमधली अकरा,
तेरा केअर होममधली, रात्रपाळीची,
दुसऱ्यांच्या आया पुसून-पालटून निजवण्याची.
तीन वर्षं माझ्या स्वतःच्या आईनं नेली; त्यांचा हिशेब कोण ठेवतो?
आणि एक चौऱ्याऐंशीचं.
त्याच्यापुढे छापलंय : अपूर्ण.

अपूर्ण!
संपाचं साल ते. खाण बंद, शेगड्या थंड,
बार्न्सलीच्या या कडेला सगळ्या गल्लीची चूल एकच,
क्लबाच्या मागच्या खोलीत.
शीला ऑटी, मी, आणि त्या भांडकुदळ ग्रीनहॉफ बहिणी
रोज तीनशे माणसांसाठी बटाटे सोलायचो.
अंगठ्यावरचा तो घट्टा अजून आहे, बघा.
पगार नाही म्हणून वर्गणी नाही,
वर्गणी नाही म्हणून वर्ष नाही.
फोनवरची मुलगी फार गोड बोलली,
"ते वर्ष आता भरता येणार नाही हं."
म्हटलं, पोरी, ते भरलेलंच होतं.
काठोकाठ.

दुसरा कागद बेकरीचा. तिचे मालक तीनदा बदलले,
नाव चारदा, आणि पत्र अजून माझ्या माहेरच्या आडनावानं येतं.
महिन्याला एकोणीस पौंड आणि वर चिल्लर.
केअर होमची साठली पुंजी वेगळी.
पेन्शनचं भांडं म्हणतात तिला.
हयात गेली माझी भांड्यांत,
तळ मला लांबूनच दिसतो.

तिसरा कागद ॲल्विनच्या खाणीचा. सगळ्यात जाड.
शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत,
त्याच्या पश्चात पत्नीस किती, ते.
म्हणून दोन रकाने आखले.
पहिल्यावर लिहिलं : दोघं.
दुसऱ्यावर काही लिहिलं नाही.
त्यात पाव अर्धा धरला, वीज पाऊण,
घरपट्टी जवळजवळ तेवढीच;
घराला कळत नाही, आत किती माणसं आहेत ते.

जावयाच्या लॅपटॉपनं विचारलं होतं,
किती वर्षं जगाल असं धरू?
मग त्यानंच भरलं. मला सत्त्याऐंशी, ॲल्विनला चौऱ्याऐंशी.
पुन्हा तोच आकडा.
यंत्रानं त्याची छाती कुठे ऐकलीय.

शाळेत मिस क्लेग बजावायच्या :
बेरीज दहाच्या वर गेली की हातचा लिहून ठेवा,
डोक्यात ठेवलात की पडतो.
मी बारीक पेन्सिलीनं, सगळ्या आकड्यांच्या वर,
तो एक लिहिला.
कुठल्या रकान्यात मिळवायचा, ते ठरत नाहीये.

जिना कुरकुरला.
दुसरा रकाना मी चहाच्या मगाखाली सरकवला.
"किती येतात?" दारातूनच, धापा टाकत.
"पुरतील."
"नीट मोजलेस?"
"ढोबळ."
तो बसला, माझ्याच मगातला घोट घेतला,
आणि बिल उलटं करून पाहिलं.
त्या बाजूचा आकडा
ढोबळ नव्हता.